ख्रिस्ती परंपरेत सैतान टिकून का राहिला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बायबलच्या जुन्या करारात सैतान जेमतेम तीन-चार ठिकाणी भेटतो, ख्रिस्ती श्रद्धेचा सारांश मानल्या जाणाऱ्या निकेया येथील श्रद्धासूत्रात त्याचे नावही नाही, मग शिंगे, शेपूट आणि वटवाघळाचे पंख असलेली ही आकृती दोन हजार वर्षे ख्रिस्ती समाजांच्या चित्रांतून, नाटकांतून, प्रार्थनांतून आणि भीतीतून का हलली नाही? जुना करार आणि चर्चचा इतिहास हे माझे शिकवण्याचे विषय आहेत आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी विचारतेच. त्याचे उत्तर मी शिंगांपासून सुरू करत नाही. शिंगे फार उशिरा आली. मी शब्दापासून सुरू करतो, कारण सैतानाला चिवटपणे टिकवून ठेवणारे काम त्याला सर्वांत आधी मिळाले आणि चेहरा त्याला शतकानुशतकांनी मिळाला.

हिब्रू भाषेत ‘सातान’ हे मुळात सामान्यनाम आहे. आडवा येणारा, विरोधक, विरुद्ध बाजूने उभा राहणारा असा त्याचा अर्थ होतो. गणना या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात बलाम नावाचा द्रष्टा गाढवीवर बसून निघालेला असताना देवाचा दूतच त्याच्या वाटेत ‘सातान’ म्हणून उभा राहतो. पहिल्या शमुवेलात पलिष्टी लोकांच्या सरदारांना भीती वाटते की, आपल्याकडे आश्रयाला आलेला दावीदच ऐन लढाईत आपला ‘सातान’ व्हायचा. ईयोबाच्या पुस्तकात मात्र या शब्दाला निश्चिततादर्शक उपपद लागते आणि तो ‘हा-सातान’, म्हणजे ‘तो फिर्यादी’ होतो. दृश्य राजदरबाराचे आहे. देवपुत्र परमेश्वरासमोर हजर होतात, त्यांच्यात हा फिर्यादीही येतो, पृथ्वीवर हिंडून आल्याचे सांगतो आणि ईयोबाची स्तुती ऐकल्यावर विचारतो की, हा माणूस देवाचे भय काय फुकट बाळगतो? त्याचे सगळे आहे ते काढून घ्या आणि मग पाहा. प्रश्न बोचरा आहे, पण तो दरबाराच्या चौकटीत राहून विचारलेला आहे, आणि परवानगीशिवाय या फिर्याद्याला ईयोबाच्या केसालाही धक्का लावता येत नाही. वर्गात मी मुलांना मुद्दाम शेवटचा, ४२वा अध्याय वाचायला सांगतो. ईयोबाची भरपाई होते, मुले-बाळे, गुरे-ढोरे परत येतात, मित्रांना समज मिळते, पण फिर्याद्याचे पुढे काय झाले याबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या अध्यायानंतर तो पुस्तकातूनच नाहीसा झालेला असतो. त्याचे काम संपले, तो गेला. लेखकाला त्याच्या स्वभावात, जन्मात किंवा पतनात तिळमात्र रस नव्हता.

हा दरबारी अधिकारी देवाचा शत्रू कसा झाला, हे पाहायचे असेल तर दोन उतारे शेजारी ठेवून वाचावेत. दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली आणि त्यापायी देशावर मरी आली, ही कथा बायबलमध्ये दोनदा येते. दुसऱ्या शमुवेलाच्या २४व्या अध्यायात दावीदाला गणतीसाठी चिथावतो तो परमेश्वराचा कोप. पहिल्या इतिहासाच्या २१व्या अध्यायात प्रसंग तोच, राजा तोच, पण चिथावणारा सैतान आहे. दुसरा लेखक पहिल्यानंतर बऱ्याच काळाने, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून लोक परतल्यानंतर लिहीत होता. त्याला देवानेच पापाला उद्युक्त करावे आणि देवानेच त्याची शिक्षा द्यावी, हे सहन होत नव्हते. माझ्या मते सैतानाचा सगळा पुढचा इतिहास या एका बदललेल्या कर्त्यात बीजरूपाने आहे. देव एकच आहे, तो चांगला आहे आणि तो सर्वसमर्थ आहे, असे तिन्ही एकत्र मानणाऱ्या माणसाला जगातल्या दुष्टाव्याचा हिशेब कोठेतरी मांडावा लागतो, आणि अनेक देव मानणाऱ्यांना तो जितका सहज वाटून देता येतो तितका त्याला येत नाही.

येथे बहुतेक वेळा इराणचे नाव पुढे येते. यहुदी लोक पारशी साम्राज्याखाली होते, त्यामुळे तेथल्या जरथुश्त्री धर्मातला चांगला देव अहुरमज्द आणि त्याचा दुष्ट प्रतिस्पर्धी अंग्रमैन्यू यांच्या संघर्षाचा काही ठसा उमटला असणे शक्य आहे. पण तो किती हा अभ्यासकांमधला जुना वाद आहे, आणि एक फरक विसरता कामा नये. अंग्रमैन्यू आरंभापासून स्वतंत्र आहे, सैतान कधीच तसा झाला नाही. हनोखाच्या नावावरच्या ग्रंथात स्त्रियांवर लुब्ध होऊन खाली उतरलेले देवदूत आहेत, मृत समुद्राकाठी सापडलेल्या जुन्या यहुदी हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांत अंधाराच्या पुत्रांचा नायक बलियाल आहे, पण हे सगळे निर्माण केलेले जीव आहेत. पुढे मध्ययुगीन युरोपातल्या कॅथारांसारखे पंथ दोन समान शक्ती मानू लागले, तेव्हा चर्चच्या १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने हाच मुद्दा स्पष्ट शब्दांत नोंदवला : सैतान आणि इतर भुते देवाने स्वभावतः चांगलीच निर्माण केली होती, ती स्वतःच्या करणीने वाईट झाली.

हिब्रूचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा ‘सातान’ला ‘दियाबोलोस’ हा प्रतिशब्द योजला गेला. त्याचा अर्थ चहाडखोर, खोटे आळ घेणारा. इंग्रजी ‘डेव्हिल’ आणि पोर्तुगीज ‘दियाबो’ याच मुळातून आले. मराठी बायबलने बहुतेक ठिकाणी दोन्हींसाठी ‘सैतान’ हा अरबी-फारसी वाटेने मराठीत रुळलेला एकच शब्द घेतला, त्यामुळे फिर्यादी आणि चहाडखोर यांतला धागा मराठी वाचकाच्या नजरेतून निसटतो. त्याची भरपाई मात्र दुसऱ्या एका शब्दाने होते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना पवित्र आत्म्याचे वचन देतो तेथे मराठी बायबल ‘कैवारी’ म्हणते. मूळ ग्रीक शब्द न्यायसभेत आरोपीच्या बाजूने उभे राहणाऱ्याचा आहे, आणि ‘कैवारी’ इतका नेमका शब्द मला दुसऱ्या भाषेत क्वचितच दिसला. एका बाजूला कैवारी, दुसऱ्या बाजूला फिर्यादी, मध्ये माणूस. प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायात अजगर खाली टाकला जातो तेव्हा त्याची ओळख तीन नावांनी करून दिली जाते : तो जुनाट साप, तो दियाबोलोस, तो सैतान. एदेन बागेतला साप उत्पत्तीच्या पुस्तकात कोठेही सैतान म्हणवला जात नाही, तो येथे येऊन सैतान ठरतो. आणि पुढच्याच वचनात त्याचा गुन्हा सांगितला आहे तो हाच की, तो आमच्या बांधवांवर रात्रंदिवस देवापुढे आरोप करत असे.

‘लुसिफर’ या नावाची कथा तर त्याहून विलक्षण आहे. यशयाच्या १४व्या अध्यायात बाबेलच्या राजाला उद्देशून एक उपहासगीत आहे : हे प्रभातपुत्रा, चमकत्या ताऱ्या, तू आकाशातून कसा पडलास! चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने येथे ‘लुसिफेर’ हा शब्द वापरला. तो शुक्राच्या चांदणीसाठीचा साधा लॅटिन शब्द होता, ‘प्रकाश आणणारा’. सार्डिनियाच्या कॅग्लियारी शहराचा एक बिशपही त्याच शतकात लुसिफेर या नावाचा होता आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. पण तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडितापासूनच या गीताचा अर्थ गर्वामुळे पडलेल्या देवदूताकडे वळवला जात होता आणि हळूहळू ताऱ्याचे नाव सैतानाला चिकटले. ईस्टरच्या आदल्या रात्री अंधाऱ्या देवळात मोठी मेणबत्ती पेटवून लॅटिन स्तुतिगीत गायले जाते, त्याच्या शेवटी प्रार्थना असते की, पहाटेच्या लुसिफेरला ही ज्योत तेवत असलेली दिसो, तो लुसिफेर जो कधी मावळत नाही. तेथे लुसिफेर म्हणजे येशू ख्रिस्त. आणि त्याच रात्री, त्याच उपासनेत, थोड्या वेळाने सगळे उभे राहून हातातल्या मेणबत्त्यांच्या उजेडात सैतानाचा त्याग केल्याचे सांगतात.

या त्यागाच्या विधीला मी सैतान टिकून राहण्याच्या कारणांत फार वरचे स्थान देतो, चित्रांपेक्षाही वरचे. पुस्तकी सिद्धांत विसरले जातात. तोंडाने म्हटलेले शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात. चौथ्या शतकात जेरुसलेम येथे बाप्तिस्मा घेणारे लोक आधी पश्चिमेकडे तोंड करून उभे राहत, कारण तेथे सूर्य मावळतो, अंधार तेथून येतो. समोर कोणी उभे आहे असे समजून हात पुढे करत आणि त्याला उद्देशून म्हणत, ‘सैताना, मी तुझा त्याग करतो.’ मग अंगाने वळून पूर्वेकडे तोंड करत. पाठ फिरवण्यासाठी समोर कोणीतरी असावे लागते. आज वसईच्या किंवा गोव्याच्या देवळात बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांना आणि धर्ममातापित्यांना ‘सैतानाचा त्याग करता का?’ असा विचारला जाणारा प्रश्न याच परंपरेतला आहे.

धर्मपंडितांनीही त्याला बराच काळ मोठी भूमिका दिली. पापामुळे माणूस सैतानाच्या ताब्यात गेला आणि ख्रिस्ताने त्याची सुटका केली, तर ती कशी? निस्साच्या ग्रेगरीने सांगितले की, मांसाच्या आमिषाखाली देवत्वाचा गळ लपवलेला होता आणि सैतानाने तो गिळला. ऑगस्टीनने क्रुसाला सैतानासाठी लावलेला उंदराचा सापळा म्हटले. प्रतिमा प्रभावी होत्या, पण त्यांच्या पोटात एक अवघड गृहीतक होते : माणसावर सैतानाचा काही कायदेशीर हक्क आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने तो हक्क साफ नाकारला आणि तारणाचा सगळा व्यवहार देव आणि माणूस यांच्यात आणून ठेवला. धर्मशास्त्राच्या दृष्टीने सैतान तेथून दुय्यम झाला. आश्चर्य असे की, चित्रांत आणि शिल्पांत तो नेमका याच सुमारास मोठा आणि भयंकर होऊ लागला.

आता चेहऱ्याकडे येऊ. पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती कलेत सैतान जवळजवळ दिसतच नाही. इटलीत रावेन्ना येथे सांत आपोलिनारे नुओवो या देवळात सहाव्या शतकातले एक छोटे कुट्टिमचित्र (मोझाइक) आहे, त्यात ख्रिस्त मेंढरे आणि बकऱ्या वेगळ्या करतो आहे. मेंढरांच्या बाजूला तांबडा देवदूत उभा आहे, बकऱ्यांच्या बाजूला निळा. दोघे तरुण, दोघे सुंदर, दोघांना तेजोवलय. हा निळा देवदूत म्हणजे सैतानाचे सर्वांत जुने चित्र असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. सर्वांना ते मान्य नाही, परंतु त्या निळ्या देवदूताचा शांत चेहरा पाहिला की पौलाचे वचन आठवते : सैतानही तेजस्वी दूताचे सोंग घेतो. तूरच्या संत मार्टिनची कथाही त्याच जातीची आहे. राजवस्त्रे ल्यालेला, मुकुट घातलेला कोणी त्याच्या खोलीत प्रकटला आणि म्हणाला, मी ख्रिस्त आहे. मार्टिन उत्तरला की, क्रुसाच्या खुणा दिसल्याशिवाय मी मानणार नाही. जुन्या ख्रिस्ती लेखकांना देखणा सैतान विद्रूप सैतानापेक्षा जास्त धोकादायक वाटत होता, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

सुमारे ११३० साली फ्रान्समधल्या ओतँ येथील कॅथेड्रलच्या दारावर अंतिम न्यायाचे शिल्प कोरले गेले. त्यात आत्मे तराजूत तोलले जात आहेत. एका बाजूला देवदूत आहे आणि दुसऱ्या बाजूला फासळ्या निघालेला, काटकुळ्या पायांचा, जबडा वासलेला सैतान काटा आपल्याकडे झुकवू पाहतो आहे. हात अक्षरशः तराजूत आहे. चेहरा राक्षसाचा झाला, तरी काम फिर्याद्याचेच राहिले आहे. पुढे १३०५च्या सुमारास पादुआ येथे चित्रकार जोत्तोने पापी माणसांना गिळणारा निळसर, अवाढव्य सैतान रंगवला, आणि कवी दान्तेने नरकाच्या तळाशी आग न ठेवता बर्फ ठेवला. त्यात छातीपर्यंत गाडलेला तीन तोंडांचा लुसिफर पंख हलवतो आणि त्या वाऱ्यानेच बर्फ अधिक गोठते. सुटण्याची धडपडच त्याची कैद पक्की करते. शिंगे आणि खूर ग्रीकांच्या पॅन देवाकडून आले असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्याचा अंश असेल, परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात डाव्या हाताला घातलेल्या बकऱ्या विसरून चालणार नाही, आणि मध्ययुगीन कलावंतांनी एकच ठरीव नमुना कधी वापरलाही नाही. लाल पोशाखातला, टोकदार दाढीचा सैतान तर बराचसा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय रंगभूमीचा आहे.

सामान्य लोकांनी मात्र त्याला आपल्या पद्धतीने हाताळले. स्वित्झर्लंडमध्ये रॉइस नदीच्या खोल घळीवर ‘सैतानाचा पूल’ आहे. पूल बांधून देतो, पण पहिला ओलांडेल त्याचा जीव माझा, असा करार सैतानाने केला आणि गावकऱ्यांनी बकरा पुढे पिटाळला, अशी त्याची कथा सांगतात. ज्याला फसवता येते त्याच्यासोबत जगता येते. या कथांनी भीतीचा भार हलका केला, आणि त्यामुळेही तो टिकला.

परंतु याच आकृतीने अपरिमित माणसे मारली, हे सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होणार नाही. फिर्यादी माणसावर आरोप करतो, इथपर्यंत ठीक होते. माणसेच एकमेकांवर ‘तू सैतानाची’ किंवा ‘तू सैतानाचा’ असा आरोप करू लागली तेव्हा अनर्थ झाला. आधी हा शिक्का यहुदी लोकांवर बसला, मग पाखंडी ठरवलेल्यांवर, मग चेटकीण म्हणून पकडलेल्या बायकांवर. युरोपात मुख्यतः सोळाव्या आणि सतराव्या शतकांत अंदाजे ४० ते ६० हजार माणसांना चेटकाच्या आरोपावरून मृत्युदंड दिला गेला, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. छळ करून कबुली घ्यायची, कबुलीत आणखी नावे वदवून घ्यायची, मग त्यांचा छळ, असे ते चक्र होते. मृत्युदंड झालेल्यांचे कबुलीजबाब ऐकणारा जेझुइट संघाचा धर्मगुरू फ्रिडरिश श्पे याने १६३१ साली निनावी पुस्तक काढून लिहिले की, अशा छळाखाली कोणीही चेटकीण ठरेल, न्यायाधीश आणि धर्मगुरूसुद्धा. मला त्याच्याबद्दल अतिशय आदर आहे.

आपल्याकडचा धागाही येथेच जुळतो. स्तोत्रसंहितेतल्या ९६व्या स्तोत्रात हिब्रूत राष्ट्रांचे देव ‘निरर्थक’ आहेत असे म्हटले आहे. ग्रीक भाषांतराने त्याचे ‘राष्ट्रांचे देव ही भुते आहेत’ असे केले आणि लॅटिननेही तेच उचलले. या एका शब्दाचे परिणाम फार दूरवर गेले. सोळाव्या शतकात गोव्यात आलेले पोर्तुगीज मिशनरी याच वाचनात वाढलेले होते. गोव्यातल्या हिंदूंचा देवचार हा खांद्यावर घोंगडी, हातात दांडा घेऊन रात्री गावाच्या सीमेवर फिरणारा राखणदार आहे. वाट चुकलेल्याला तो घरी पोचवतो, अशी श्रद्धा आहे, आणि त्याला रोट देतात. ख्रिस्ती कोकणीत ‘देवचार’ म्हणजे सैतान. एकाच गावात, एकाच भाषेत, एका वाड्यावरचा रक्षक शेजारच्या वाड्यावरचा शत्रू ठरला. ज्याच्या घरात दोन्ही परंपरांची माणसे आहेत त्याला हा शब्द किती जपून वापरावा लागतो, हे मी जवळून पाहिले आहे.

चेटकाचे खटले ओसरू लागले तसा सैतान साहित्यात रुळला. इंग्रज कवी मिल्टनने १६६७ साली त्याला वक्तृत्व दिले, जर्मन कवी गटेने बुद्धी दिली, दोस्तोयेव्हस्कीने जुनाट कोटातल्या ओशाळ्या पाहुण्याचे रूप दिले. यावर विपुल लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे थांबत नाही. चर्चमध्ये मात्र तो पुस्तकातले पात्र झाला नाही. १९७२च्या नोव्हेंबरात पोप सहावे पॉल यांनी एका जाहीर प्रवचनात सैतान ही जिवंत शक्ती आहे असे आवर्जून सांगितले. भूत काढण्याचा १६१४ सालचा विधी १९९९ साली नव्या रूपात प्रसिद्ध झाला, आणि कॅथलिक धर्मकायद्याप्रमाणे बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला तो करता येत नाही. ही काळजी अनुभवातून आलेली आहे. १९७६ साली जर्मनीत अपस्माराचे निदान झालेली एक विद्यार्थिनी महिनोन्‌महिने चाललेल्या अशा विधींनंतर उपासमारीने मरण पावली, आणि न्यायालयाने तिच्या आईवडिलांना व दोन धर्मगुरूंना दोषी ठरवले.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मला बोलावले. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला झटके येत होते आणि एका प्रार्थनागटाने तिच्यात सैतान असल्याचे तिच्यासमोर सांगितले होते. ती पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती आणि आलेल्या प्रत्येकाच्या हाताकडे पाहत होती, हातात पाण्याची बाटली किंवा क्रूस आहे का ते. गोळ्या दोन आठवडे बंद होत्या. वडील पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, ‘सर, आमच्या कुणाच्या पापामुळं हे झालं?’ मी त्यांना आधी गोळ्या सुरू करायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. निघताना तिची आई दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘प्रार्थना करायला या, पण तिच्यासमोर त्याचं नाव घेऊ नका.’ पुढच्या रविवारी मी गेलो, २३वे स्तोत्र वाचले, आणि ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ही पहिली ओळ तिनेच म्हटली.